पालथ्या निजण्याचे वैद्यक

तान्हे मूल एके सकाळी आपल्याच बळावर पालथे पडले म्हणजे घरादारात त्याचे कौतुक होते. परंतु तेच मूल जरा मोठे होऊन पोटावर निजू लागले की घरातील वडीलधारी माणसे त्याला सरळ निजण्याविषयी बजावू लागतात. असा हा कौतुकाचा आणि नापसंतीचा विषय 2021 सालच्या एप्रिल महिन्यात थेट सरकारी सूचनापत्रात जाऊन बसला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांतून खाटांची आणि ऑक्सिजनची ओढाताण चालू असता, ज्याच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण 94 टक्क्यांच्या खाली उतरले आहे अशा रुग्णाने जागेपणी पोटावर कसे निजावे, याची सचित्र माहिती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसृत केली.

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीसारख्या गावाला या सूचनेचा अर्थ नकाशा पाहिल्यावाचून समजावयाचा नाही. येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे 35 किलोमीटरांवर, आणि नागपूर वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड या वाटेने सुमारे 140 किलोमीटरांवर. शिवाय ही नदी आपल्या लहरीने वागणारी. 2020 च्या ऑगस्टअखेर, म्हणजे साथ ऐन भरात असताना, गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि तिला महापूर येऊन काठच्या गावांत पाणी शिरले, वाटा बंद पडल्या. अशा मुलखात ज्या उपायाने रुग्णाला चार तासांची का होईना मुदत मिळते, तो उपाय क्षुल्लक मानता येत नाही.

हा उपाय गुणकारी का ठरतो, हे समजण्यास शरीराची रचना ध्यानात घेतली पाहिजे. फुफ्फुसाचा अधिक भाग पाठीच्या अंगाला असतो आणि हृदय पुढच्या अंगाला. मनुष्य उताणा निजला असता हृदयाचे वजन आणि पोटातील अवयवांचा रेटा हे दोन्ही पाठीकडील फुफ्फुसावर येतात. निरोगी फुफ्फुस हा भार सहज सोसते. न्यूमोनियाने सुजलेले, द्रवाने जड झालेले फुफ्फुस मात्र तेथे मिटू लागते, आणि दैवदुर्विलास असा की रक्ताचा ओघ त्याच भागाकडे अधिक असतो. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी सोडावे आणि ते रोवणी झालेल्या बांध्या टाळून पडीत जमिनीत जिरून जावे, तसा हा प्रकार होतो: रक्त येते, परंतु ऑक्सिजन न घेताच परत फिरते. रुग्ण पालथा निजला म्हणजे रक्ताचा पाट फारसा बदलत नाही. बदलते ती जमीन. पाठीकडील मिटलेले वायुकोश उघडू लागतात आणि जेथे रक्त आहे तेथेच हवाही पोहोचते.

ही विद्या करोनाने जन्मास घातली असे नव्हे. 1976 सालीच पील आणि ब्राऊन यांनी पाच रुग्णांवरील आपला अनुभव नमूद केला होता. पुढे 2013 मध्ये फ्रान्समधील क्लोद गेरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 466 अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालथे ठेवलेल्यांपैकी 28 दिवसांत 16 टक्के, तर उताणे ठेवलेल्यांपैकी सुमारे 33 टक्के रुग्ण दगावले. परंतु ते सारे रुग्ण बेशुद्धीच्या औषधाखाली, व्हेंटिलेटरवर होते. जागा असलेल्या, आपला आपण श्वास घेणाऱ्या रुग्णाची गोष्ट निराळी. नाकावाटे मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन घेणाऱ्या 1126 करोनारुग्णांचा सहा देशांतील अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्वासनलिकेत नळी घालण्याची वा मृत्यूची पाळी पालथे निजणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांवर आली, इतरांपैकी 46 टक्क्यांवर. हा लाभ मुख्यतः नळी टळण्याचा होता; केवळ मृत्यूंचा हिशेब केला तर ठळक अंतर दिसले नाही. तात्पर्य, उपाय खरा आहे, चमत्कार मात्र नाही.

मंत्रालयाची रीत सोपी आहे: एक उशी मानेखाली, एक किंवा दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली, एका स्थितीत अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत राहून मग कूस बदलावी, मध्येच टेकून बसावे. जेवणानंतर तासभर हे करू नये. गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकाराचे रुग्ण, पाठीचा कणा, मांडी वा कटीचे हाड मोडलेले रुग्ण यांनी हा मार्ग धरू नये. निरोगी तान्ह्या बाळाला तर झोपेसाठी उताणेच ठेवावे. त्याला पालथे निजवणे झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढवते.

परंतु ध्यानात ठेवावे ते हे की या उपायाला पैसा लागत नसला तरी पहारा लागतो. पालथा रुग्ण बरा दिसत असता आतून थकत जाऊ शकतो. अशा वेळी त्याचा श्वास मोजणारे कोणी जवळ नसेल, तर मिळालेली मुदत व्यर्थ जाते आणि नळी घालण्यास घातक विलंब होतो. श्वास मोजण्याची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना, अक्षरओळख नसलेल्या सुइणींनासुद्धा, बालकाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले, आणि त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट'ने छापला.

म्हणून वाचकांस एवढेच सांगणे: घरात कोणाला धाप लागली तर आधी डॉक्टरांना कळवा आणि वाहनाची तजवीज करा; उश्या त्यानंतर मांडा. रुग्ण गुंगू लागला, एक वाक्य सलग बोलू शकेना, किंवा त्याचे ओठ निळे पडले, तर पालथे-उताणे हा विचार सोडून त्याला तत्काळ रुग्णालयात न्या.