रोपे न लावता परतणारे रान

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या कोरड्या पश्चिम भागात मल्गा नावाचे झाड वाढते. ते आपल्या बाभळीच्या नात्यातले. पशुपालकांनी कुरणांसाठी ते पाडले आणि दुष्काळात त्याचा पाला जनावरांना चारला. हेच रान पुन्हा उभे राहू देऊन हवेतला कार्बन साठवण्याचे प्रकल्प तिथे चालतात. इथे रोपे लावत नाहीत, हे आपण आधी लक्षात घ्यावे.

आधी जमीन निवडायची. तिथे जंगल नसावे. पण मातीत बी, जुन्या खोडांना धुमारे किंवा खुरटलेली रोपे मात्र हवीत. नियमानुसार जंगल म्हणजे किमान 0.2 हेक्टरवर 2 मीटर उंचीची झाडे आणि त्यांच्या छत्राखाली, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याखाली, 20 टक्के जमीन. घोळ बहुधा इथेच होतो. आधीपासून मोठी झाडे असलेला तुकडा हिशेबात आला, तर जुनाच कार्बन नवा म्हणून विकला जातो.

मग चराई कमी करायची. मेंढ्या-गुरे घटवून कुरणांना आळीपाळीने विश्रांती देतात. तेवढ्याने भागत नाही, कारण मोकाट शेळ्या आणि कांगारू कोवळे शेंडे खातातच. म्हणून शेळ्या पकडतात, कुंपण घालतात, बोअरच्या पाण्याच्या जागा बंद करतात. पाणी तुटले की जनावरे तिथे फार रेंगाळत नाहीत.

पुढे वाढ मोजायची. प्रत्येक झाड मोजणे अशक्य, म्हणून संगणकी प्रारूपाने अंदाज काढतात आणि उपग्रहचित्रांशी ताडून पाहतात. एक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक कार्बन क्रेडिट, म्हणजे विकता येणारे प्रमाणपत्र, मिळते.

खरा वाद पावसाचा आहे. 2010 ते 2012 आणि 2020 ते 2022 या ला निनाच्या ओल्या वर्षांत कोरड्या मुलखात हिरवाई आपोआपच वाढली. मग श्रेय चराई घटवण्याचे की ढगांचे? कायद्याचे प्राध्यापक अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी हाच आक्षेप जाहीरपणे घेतला. पण सरकारने नेमलेल्या इयन चब समितीने 2022 मध्ये मूळ पद्धत योग्य ठरवली. मला वाटते, कुंपणापलीकडच्या, नेहमीसारख्या चरलेल्या जमिनीशी तुलना केल्याशिवाय एकही क्रेडिट देऊ नये. पाऊस तर दोन्हीकडे सारखाच पडतो.

शेवटी राखण. रान 25 किंवा 100 वर्षे टिकवण्याची हमी द्यावी लागते. 25 निवडल्यास क्रेडिट 20 टक्के कमी मिळतात. या पद्धतीखाली नव्या प्रकल्पांची नोंदणी सप्टेंबर 2023 नंतर थांबली, पण नोंदलेल्या प्रकल्पांची राखण अजून चालूच आहे.