फितीवरचा प्रतिध्वनी : गिटार आणि टेप डिले

टेप डिले हे गिटारचा स्वर चुंबकीय फितीवर मुद्रित करून काही क्षणांनी पुन्हा ऐकवणारे उपकरण आहे. वाजवलेला मूळ स्वर ॲम्प्लिफायरमधून थेट ऐकू येतो. त्याच्या मागोमाग त्याची नक्कल येते, मग नकलेची नक्कल, आणि प्रत्येक आवर्तनागणिक आवाज मंद होत विरून जातो. आज बहुतेक गिटारवादकांच्या पायाशी असते ते तळहाताएवढे पेडल, आणि त्यात फीत नसते. तरीही त्यावरचा जवळजवळ प्रत्येक नॉब जुन्या यंत्राच्या एखाद्या भागाची जागा घेऊन बसलेला आहे. त्यामुळे पेडल नीट वापरायचे तर फितीचे यंत्र कसे चालते, हे आधी माहीत असावे लागते.

यंत्राची रचना

पाव इंच रुंदीच्या फितीची दोन टोके जोडून केलेले वेटोळे हा या यंत्राचा गाभा. कॅपस्टन नावाचा धातूचा दांडा मोटरने फिरतो, रबरी पिंच रोलर फितीला त्याच्यावर दाबून धरतो आणि फीत एकसारख्या वेगाने सरकत राहते. वाटेत तिला तीन प्रकारची हेड लागतात. इरेज हेड आधीचे सगळे पुसते, रेकॉर्ड हेड गिटारचा आवाज उमटवते आणि थोड्या अंतरावरचे प्लेबॅक हेड तो वाचते. या अंतरातच डिलेची वेळ दडलेली असते. दोन हेडमध्ये पाच सेंटिमीटर अंतर असेल आणि फीत सेकंदाला 19 सेंटिमीटर धावत असेल, तर नक्कल सुमारे 263 मिलिसेकंदांनी, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित उशिरा ऐकू येते. फितीचा वेग दुप्पट केला की ती वेळ निम्मी होते.

प्लेबॅक हेडने वाचलेला आवाज थोड्या प्रमाणात पुन्हा रेकॉर्ड हेडकडे धाडला की एका नकलेच्या अनेक नकला होतात. याला फीडबॅक म्हणतात.

स्टुडिओतून रंगमंचावर

सुरुवातीला हा परिणाम रेकॉर्डिंग स्टुडिओपुरता होता. अमेरिकेत गिटारवादक लेस पॉल यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून टेप रेकॉर्डरवर असे अनेक प्रयोग केले. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी दोन टेप रेकॉर्डर जोडून एकच, चटकन परतणारी नक्कल मिळवली. एल्व्हिस प्रेस्लीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांतला तो ‘स्लॅपबॅक’ पुढे रॉकबिली संगीताची ओळख ठरला. मैफलीत मात्र दोन अवजड रेकॉर्डर नेणे अवघड होते. रे बट्स यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ॲम्प्लिफायरच्या पेटीतच टेप इको बसवून ही अडचण दूर केली. चेट ॲटकिन्स आणि प्रेस्लीचे गिटारवादक स्कॉटी मूर यांनी बट्स यांचा हा ‘इकोसॉनिक’ ॲम्प्लिफायर वापरला.

त्यानंतर स्वतंत्र यंत्रे आली. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांनी 1958मध्ये ‘कॉपिकॅट’ बाजारात आणले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात माइक बॅटल यांनी घडवलेले ‘इकोप्लेक्स’ 1959च्या सुमारास आले. त्यात फीत कार्ट्रिजमध्ये बंद असे आणि एक हेड पट्टीवर सरकवून वेळ बदलता येई. जपानच्या रोलँड कंपनीच्या 1974च्या ‘आरई-201 स्पेस इको’ने वेगळा मार्ग धरला. त्यात हेड जागच्या जागी ठेवून मोटरचा वेग बदलला जातो. प्लेबॅक हेड तीन आहेत आणि ती एकेकटी किंवा एकत्र वापरता येतात. फीत कुठल्याही रिळावर न गुंडाळता एका चपट्या कप्प्यात मोकळी वळसे घेत फिरते. त्यामुळे ती लांब ठेवता येते आणि लवकर झिजत नाही.

फितीविना डिले

फितीला एक पर्याय फिलिप्स कंपनीतल्या संशोधकांनी 1969मध्ये मांडला. गावात आग लागल्यावर विहिरीपासून माणसे रांगेने उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकवणारी ही चिप होती. तिला ‘बकेट ब्रिगेड’ असेच नाव पडले. जपानी बनावटीच्या ‘एमएन 3005’ या चिपमध्ये असे 4096 टप्पे होते. त्यांना सरकवणाऱ्या घड्याळाचा वेग सेकंदाला 10 हजार ठोके असेल, तर आवाज सुमारे 205 मिलिसेकंद रेंगाळतो. बॉस कंपनीचे ‘डीएम-2’ आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे ‘मेमरी मॅन’ ही या तंत्राची गाजलेली पेडल. दुकानात ‘ॲनालॉग डिले’ म्हणून विकले जाते ते सहसा हेच.

तिसरा प्रकार डिजिटल. बॉसची ‘आरई-20’ आणि ‘आरई-202’ किंवा स्ट्रायमनचे ‘एल कॅपिस्टन’ ही पेडल फितीचे वागणे गणिताने उभे करतात. त्यामुळे ‘टेप’ आणि ‘ॲनालॉग’ या दोन शब्दांवरून पेडल विकत घेताना गोंधळ होऊ शकतो. बकेट ब्रिगेडचे पेडल ॲनालॉग असते, पण त्यात फितीची थरथर नसते. टेप नावाचे पेडल फितीसारखे थरथरते, पण आतून ते बहुधा डिजिटल असते.

तीन मुख्य नॉब

पहिला नॉब वेळेचा. स्पेस इकोवर त्याला ‘रिपीट रेट’ म्हणतात आणि तो थेट मोटरचा वेग बदलतो. एखादा स्वर छेडून नकला चालू असतानाच हा नॉब उजवीकडे फिरवला, तर फीत जोरात धावू लागते. आधी मुद्रित झालेला स्वर वेगाने वाचला जातो आणि चढत जातो. डावीकडे फिरवला की तोच स्वर खाली घसरतो. मोटरला वेग बदलायला क्षणभर लागत असल्याने हा बदल तुटक न होता मींडेसारखा घसरत होतो. चांगली टेप पेडल हे वागणे हुबेहूब उतरवतात.

दुसरा नॉब ‘इंटेन्सिटी’चा, म्हणजे फीडबॅकचा. तो तळाशी असेल तर एकच नक्कल येते. मधोमध, घड्याळातल्या बाराच्या दिशेला ठेवला तर साधारणपणे तीन-चार ठळक नकला ऐकू येतात. एका मर्यादेपलीकडे प्रत्येक नक्कल आधीच्यापेक्षा मोठी होऊ लागते आणि गिटार थांबली तरी यंत्र आपोआप गरजत राहते. जमैकात 1970च्या दशकात ली पेरी यांच्यासारख्या डब संगीताच्या निर्मात्यांनी याच गर्जनेला वाद्यासारखे वापरले. गिटारवादक ती गाण्याच्या शेवटी किंवा दोन भागांच्या सांध्यात वापरतात. आवाज हाताबाहेर जाऊ लागला की नॉब चटकन मागे आणणे, एवढेच पथ्य.

तिसरा नॉब ‘इको व्हॉल्यूम’ किंवा ‘मिक्स’चा. नकला मूळ स्वराच्या तुलनेत किती मोठ्या, हे तो ठरवतो. गणपतीच्या मांडवात निवेदकाच्या माइकवर इको फार वाढवला की शब्द एकमेकांवर चढतात. गिटारवरही तेच होते. एकट्याने वाजवताना योग्य वाटणारे प्रमाण ड्रम आणि बास सुरू झाल्यावर बुडते किंवा गढूळ होते, म्हणून ते पूर्ण बँडसोबतच ठरवावे.

फितीचे दोष, कानाला गुण

फीत तीन गोष्टी बिघडवते. मोटर, रोलर आणि फितीचा ताण काटेकोर नसल्यामुळे स्वर किंचित हेलकावतो; संथ हेलकाव्याला ‘वॉव’ आणि जलद थरथरीला ‘फ्लटर’ म्हणतात. प्रत्येक आवर्तनात वरच्या पट्टीची तीक्ष्णता थोडी गळते, त्यामुळे पाचवी नक्कल पहिलीपेक्षा स्पष्टपणे धूसर असते. जोरात दिलेला आवाज फितीच्या चुंबकीय क्षमतेपलीकडे जाऊन दबतो आणि टोकदार स्वर गोल होतो. रेकॉर्डिंग इंजिनिअरला हे तिन्ही दोष नकोसे असतात, पण डिलेसाठी ते उपयोगी पडतात. नक्कल मूळ स्वरापेक्षा मऊ आणि धूसर असल्याने ती मागे राहते, नव्या स्वराशी झगडत नाही. स्वच्छ डिजिटल नकला मात्र मूळ स्वराइतक्याच पुढे येतात.

वादनातले प्रकार

स्लॅपबॅकसाठी वेळ साधारण 75 ते 150 मिलिसेकंद, नक्कल एकच आणि तिचा आवाज मूळ स्वरापेक्षा थोडा कमी ठेवतात. त्याहून बरीच कमी वेळ ठेवली, तर कानाला वेगळी नक्कल ऐकू न येता स्वर नुसता जाड वाटतो.

लयीशी जुळणाऱ्या डिलेसाठी साधे गणित पुरते. 60,000ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येने भागले की एका ठोक्याची लांबी मिलिसेकंदांत मिळते. 120 बीपीएमला ती 500 येते. तिचा पाऊण भाग म्हणजे 375 मिलिसेकंद ठेवून सरळ अर्ध्या ठोक्याचे स्वर वाजवले, तर नकला मधल्या रिकाम्या जागा भरतात आणि दुप्पट वेगाचा भास होतो. यू टू या बँडचा गिटारवादक ‘द एज’ याची शैली याच युक्तीवर उभी आहे. मात्र खऱ्या फितीचा वेग तंतोतंत राहत नसल्याने अशा वादनात ढोलकिया किंवा ड्रमरने डिले ऐकत वाजवणे सोयीचे पडते. पेडलवर ‘टॅप टेम्पो’चे बटण असेल, तर पायाने लय देऊन वेळ बसवता येते.

तिसरा प्रकार दीर्घ डिलेचा. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी 1973च्या अल्बमसाठी दोन रेव्हॉक्स रेकॉर्डरमधून एकच फीत फिरवली. कित्येक सेकंदांनी परतणाऱ्या स्वरांवर फ्रिप नवे थर चढवत गेले. वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या आजच्या लूपरचा हा पूर्वज.

जोडणीचा क्रम

सर्वसाधारण क्रम असा : गिटार, वाह, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. डिस्टॉर्शन डिलेच्या नंतर आले, तर मूळ स्वर आणि नकला एकत्र चिरडल्या जातात. ॲम्प्लिफायरच्या प्रीॲम्पमध्येच डिस्टॉर्शन असेल, तर पेडल त्याच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावतात. 1970च्या दशकातले रॉक वादक इकोप्लेक्स थेट तापलेल्या ॲम्प्लिफायरच्या पुढे लावत. तिथे जोरात वाजवले की मूळ स्वर नकलांना दाबतो आणि वाजवणे थांबले की नकला वर येतात. इकोप्लेक्सच्या ‘ईपी-3’मधला प्रीॲम्प स्वराला इतका उजाळा देई की काही वादक इको बंद ठेवूनही गिटार त्यातून नेत.

खऱ्या फितीची देखभाल

जुने यंत्र वापरणाऱ्याला फीत, हेड आणि रोलर यांची निगा राखावी लागते. फितीवरचा ऑक्साइड हेडवर साचला की ट्रेबल हरवते. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि कॅपस्टन पुसावेत; रबरी रोलरला मात्र ते जपूनच लावावे, कारण रबर कडक होते. हेडमध्ये साचलेले चुंबकत्व यंत्र बंद ठेवून डीमॅग्नेटायझरने काढतात. फितीचा सांधा हेडवरून जाताना आवाज क्षणभर दबतो. तो दर फेरीला ठळक ऐकू येऊ लागला, नकला खरखरू लागल्या किंवा विझू लागल्या, की फीत बदलण्याची वेळ आली असे समजावे. नव्या फितीचा आवाज उजळ आणि झिजलेल्या फितीचा मंद असतो. पेडलमध्ये फीत झिजत नाही, तरी ‘एल कॅपिस्टन’वर ‘टेप एज’ आणि ‘आरई-202’वर नवी किंवा जुनी फीत निवडण्याची सोय ठेवलेली आहे. त्यामुळे खऱ्या यंत्रात काही महिन्यांच्या वापराने जो फरक पडतो, तो तिथे एका निवडीत मिळतो.