लकवा झालेल्याला पाणी पाजण्याआधी



घरात कुणाला लकवा मारला की आपण आधी तोंडात पाणी घालतो. हे धोक्याचे आहे. गिळताना श्वासनलिकेचे दार मिटावे लागते. दारे धरणाऱ्याला डुलकी लागली की पाणी भलत्या सरीत शिरते. तसेच लकव्यात पाणी फुप्फुसात उतरते व न्यूमोनिया होतो. सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांचे गिळणे बिघडते. काहींना ठसकाही लागत नाही.

बोलणे व गिळणे, दोन्ही जीभ-घशाचीच कामे. म्हणून गिळण्याची तपासणी वाचा-उपचार तज्ज्ञ करतात. मान कशी ठेवावी, घोट केवढा, पातळ की दाट, हे ते ठरवतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण मिळते. पदवी चार वर्षांची, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे.

लकवा दिसताच शिंदखेड्याहून धुळ्याचे मोठे रुग्णालय गाठावे. गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, गोळीसुद्धा नाही. परवानगी मिळाल्यावर ताठ बसवून चमच्या-चमच्याने भरवावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. आवाज ओलसर झाला, ठसका लागला, तर लगेच थांबावे.

बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींनी या शिक्षणाचा जरूर विचार करावा.

— ऊस विकास अधिकारी