परवान्यावर चालणारं शहर

अमेरिकेतली चार्टर शाळा आपल्याकडच्या अनुदानित शाळेच्या जवळपास जाते. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा, फी नाही. फरक कराराचा आहे. ठरलेल्या मुदतीत निकाल दाखवला नाही, तर परवाना जातो आणि शाळा बंद होते. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सने जवळजवळ सगळं सरकारी शिक्षणच या करारावर सोपवलं.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने शहर बुडालं. शाळा आधीच डबघाईला आलेल्या होत्या. राज्याने त्यातल्या बहुतेक ताब्यात घेतल्या, आणि स्थानिक शाळा मंडळाने शिक्षकांसह ७,०००हून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. त्यात काळ्या शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. शहरातला काळा मध्यमवर्ग ज्या नोकरीवर उभा होता, ती नोकरीच गेली. पुढे बाहेरून तरुण, बरेचसे गोरे शिक्षक आले. ताब्यातल्या शाळा राज्याने हळूहळू चार्टर मंडळांकडे सोपवल्या; २०१४ मध्ये राज्याच्या ताब्यातली शेवटची पारंपरिक, म्हणजे चार्टर नसलेली, शाळाही बंद झाली.

परीक्षांचे निकाल सुधारले, हे मान्य करायलाच हवं. पण वर्गात बसतं कोण? शहरात गोरी वस्ती साधारण एक तृतीयांश. सरकारी शाळांत मात्र गोरी मुलं तुरळक. बाकीची खाजगी आणि कॅथलिक शाळांत. जी सरकारीत आहेत, ती मोजक्या शाळांत एकवटलेली. बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल त्यातलं एक. तिथे प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. २०१२पासून प्रवेशासाठी शहरभर एकच सामाईक अर्ज आला, पण अशा काही नावाजलेल्या शाळा बरीच वर्षं त्यातून बाहेर राहिल्या. निवड पालकांची म्हणायची आणि चाळणी शाळेने लावायची, हा प्रकार पुण्या-मुंबईच्या पालकांना नवा वाटू नये.

याच शहरात १९६० मध्ये रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या विल्यम फ्रँट्झ शाळेत शिरली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. आज त्या इमारतीत अकिली अकॅडमी ही चार्टर शाळा भरते. मुलं बहुतांश काळीच. वस्ती, उत्पन्न आणि चाळणी तशीच ठेवून नुसता कारभारी बदलला, तर वर्गाचा रंग बदलत नाही, असं माझं मत.

२०१८ मध्ये शाळा पुन्हा स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली आल्या, तरी चालवणारे तेच राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये मंडळाने लीया चेस शाळा उघडली. ती मंडळ स्वतः चालवतं.