गाणाऱ्यांवरचे अनुबोधपट : आवाज कोणाचा, नाव कोणाचे?

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपला परिचय जुना आहे. डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारख्यांनी ते दलित लेखकांसमोर ठेवले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. पण काळ्यांच्या संगीताकडे आणि त्या संगीतावर निघालेल्या अनुबोधपटांकडे आपण तेवढ्या गांभीर्याने पाहिलेले नाही. साहित्य म्हणजे विचार आणि गाणे म्हणजे करमणूक, अशी एक वाटणी आपल्याही मनात नकळत रुजली आहे. वास्तविक ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराची बंदी होती, त्याने आपला विचार गाण्यातच साठवून ठेवला. बाबासाहेबांची चळवळ खेड्यापाड्यांत नेली ती जलशांनी. तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचे चित्रण कोणी, कसे आणि कशासाठी केले हा आपल्या दृष्टीने केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

मी महाविद्यालयात शिकवतो. असे अनुबोधपट विद्यार्थ्यांना दाखवून त्यांवर चर्चा घडवतो. कोणता आवडला आणि कोणता नावडला हे विद्यार्थी चटकन सांगतात, का म्हटले की अडतात. म्हणून मी त्यांच्यापुढे तीन प्रश्न ठेवतो. चित्रण कोणाचे जपले गेले आणि कोणाचे अडगळीत पडले? गाण्यामागच्या श्रमाला नाव आणि दाम मिळाला का? कॅमेरा मंचावरच खिळून राहतो, की मंचासमोरच्या माणसांकडेही वळतो? या तीन प्रश्नांच्या आधारे माझे आवडते आणि नावडते अनुबोधपट येथे मांडतो.

सुरुवात १९६९ या एका वर्षापासून करू. त्या वर्षी अमेरिकेत तीन मोठे संगीतमेळे झाले. जून ते ऑगस्ट या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत, एका सार्वजनिक उद्यानात, सहा रविवार विनामूल्य कार्यक्रम झाले. ऑगस्टमध्ये तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर वुडस्टॉकचा मेळा भरला. ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज बँडचा कार्यक्रम झाला. तिन्ही ठिकाणी लाखोंची गर्दी होती आणि तिन्ही ठिकाणी कॅमेरे होते. पुढे मात्र तिघांची गत वेगवेगळी झाली.

वुडस्टॉकचा अनुबोधपट मायकेल वॉडली यांनी १९७० साली पडद्यावर आणला. त्याला ऑस्कर मिळाले आणि ‘वुडस्टॉक’ हा शब्द एका संपूर्ण पिढीचे नाव होऊन बसला. त्यात काळे कलावंत नाहीत असे नाही. त्या मेळ्याची सुरुवात रिची हेवन्सने केली आणि शेवट जिमी हेंड्रिक्सने. परंतु समोरचा जमाव बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गीय तरुणांचा होता, आणि त्यांचे चिखलात लोळणे हेच त्या काळाचे बंड म्हणून जगभर पोहोचले.

हार्लेमचे चित्रण हाल टल्चिन नावाच्या दिग्दर्शकाने केले होते. प्रकाशयोजनेला पैसे नव्हते, म्हणून मंच पश्चिमेकडे तोंड करून उभारला आणि मावळतीच्या उन्हावर काम भागवले. सुमारे चाळीस तासांचे चित्रण जमले. त्यातले काही तुकडे त्याच वर्षी टीव्हीवर दाखवले गेले. पण पूर्ण चित्रपटाला गिऱ्हाईक मिळेना. ‘काळ्यांचा वुडस्टॉक’ असे नाव देऊनही कोणी हात लावीना. जवळजवळ पन्नास वर्षे त्या टेप पडून राहिल्या. टल्चिन २०१७ साली वारले. नंतर क्वेस्टलव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या ढोलवादकाने त्याच टेपमधून ‘समर ऑफ सोल’ हा अनुबोधपट घडवला. तो २०२१ साली आला आणि २०२२ साली त्यालाही ऑस्कर मिळाले.

हा माझा आवडता अनुबोधपट आहे. त्यात नीना सिमोन आहे, तरुण स्टीव्ही वंडर आहे, महेलिया जॅक्सन आणि मेव्हिस स्टेपल्स यांनी एकत्र गायलेले भजन आहे. मार्टिन ल्यूथर किंगचे ते आवडते भजन, आणि त्यांच्या खुनाला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. पण मला त्याहून मोलाची वाटते ती समोरची माणसे. पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, नटून आलेल्या आज्या, बंदोबस्ताला उभे असलेले ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते हे सगळे कॅमेऱ्याने टिपले आहे. २० जुलैला माणूस चंद्रावर उतरला तो रविवारच होता. उद्यानातल्या लोकांना त्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की चंद्रावर घातलेला पैसा इथल्या भुकेल्यांवर खर्च व्हायला हवा होता. राष्ट्राचा उत्सव चालू असताना वस्तीला काय वाटत होते, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधून सापडणार नाही.

या अनुबोधपटात एका गृहस्थाला ते जुने चित्रण दाखवले जाते. त्या मेळ्यात तो चार-पाच वर्षांचा पोर होता. पाहता पाहता त्याचे डोळे भरून येतात. आपल्याला जे आठवते ते खरोखर घडले होते, याची खात्री त्याला इतक्या वर्षांनी पटते. चित्रण दडपले की माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही ढळतो, हे मी विद्यार्थ्यांना या प्रसंगावरूनच समजावून सांगतो.

आता नावडता अनुबोधपट. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘गिमी शेल्टर’ (१९७०) हा जाणकारांच्या यादीत फार वरच्या जागी असतो. त्याचे कसब मी नाकारत नाही. आल्टामाँटच्या कार्यक्रमात मंचाजवळचा बंदोबस्त ‘हेल्स एंजल्स’ या मोटरसायकलवाल्या टोळीकडे होता. बंड ऐन रंगात असताना मेरेडिथ हंटर नावाचा अठरा वर्षांचा काळा तरुण त्या टोळीच्या एका सभासदाच्या सुऱ्याने मारला गेला. हंटरच्या हातात पिस्तूल होते, हे चित्रणात दिसते. आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला आणि त्या खटल्यात हेच चित्रण पुरावा म्हणून दाखवले गेले. घटना लपवली नाही, एवढे श्रेय दिग्दर्शकांना दिलेच पाहिजे.

माझा आक्षेप पुढचा आहे. अनुबोधपटात तो क्षण संकलनाच्या टेबलावर मागे-पुढे फिरवून, थांबवून दाखवला जातो. तो पाहत असतो बँडचा गायक मिक जॅगर, आणि आपण पाहत असतो जॅगरचा चेहरा. मेलेला कोण होता, कोणत्या वस्तीतला, कोणाचा मुलगा, याची चौकशी कोणीच करत नाही. एका काळ्या तरुणाचे मरण गोऱ्या गायकाच्या अस्वस्थतेचे साधन होऊन जाते. पुढे सॅम ग्रीन यांनी २००६ साली ‘लॉट ६३, ग्रेव्ह सी’ नावाचा एक लघुपट काढला. हंटरच्या थडग्यावर तोवर नावाचा दगडही नव्हता, हे त्यातून लोकांना कळले. मग लोकांनी वर्गणी काढून २००८ साली दगड बसवला. मोठ्या अनुबोधपटाला जे सुचले नाही ते एका लहानशा लघुपटाने केले.

‘गिमी शेल्टर’ हे नाव रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यावरून आले आहे. त्या गाण्यात अंगावर काटा आणणारा स्त्रीचा आवाज आहे, तो मेरी क्लेटन या काळ्या गायिकेचा. ती तेव्हा गरोदर होती. लॉस एंजलिसमध्ये तिला रात्री उशिरा झोपेतून उठवून ध्वनिमुद्रणाला बोलावले होते. त्यानंतर तिचा गर्भपात झाला. मूळ ध्वनिमुद्रिकेवर तिचे नावसुद्धा चुकीचे छापले गेले. तिची आणि तिच्यासारख्या साथीच्या गायिकांची कहाणी मॉर्गन नेव्हिल यांच्या ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ (२०१३) या अनुबोधपटात आली आहे. त्यात डार्लिन लव्हही आहे. १९६२ साली तिने गायलेले एक गाणे निर्मात्याने दुसऱ्याच गटाच्या नावावर बाजारात आणले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे हीच बाई लोकांच्या घरची साफसफाई करत होती. एकदा काम करता करता रेडिओवर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

हा अनुबोधपट मला अर्धा आवडतो. तो नाव परत मिळवून देतो, हे मोठे काम आहे. पण नशीब, स्वभाव, महत्त्वाकांक्षेची उणीव असली कारणे तो फार सहज स्वीकारतो. करार कोणी लिहिले, मानधन किती आणि कोणाच्या खिशात गेले याच्या मुळाशी तो पुरेसा जात नाही. शोषणाला दैव म्हणण्याची रीत आपल्या परिचयाची आहे.

माझे चुलते भीमगीतांच्या एका गायन पार्टीत ढोलकी वाजवत. एप्रिल महिनाभर ते घरी नसत. त्या पार्टीची एक कॅसेट निघाली होती. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचे आणि कंपनीचे नाव आहे, ढोलकीवाल्याचे नाही. चुलत्यांना त्या दिवसाची हजेरी मिळाली, पुढे काही नाही. मेरी क्लेटनची हकिकत ऐकताना मला भाषांतराची गरज पडत नाही ती यामुळे.

येथे आपल्याकडच्या एका अनुबोधपटाचा विचार करणे भाग आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या अनुबोधपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. काही दिवसांतच घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेल्या या शाहिराने मरताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. ती का बांधली, या प्रश्नामागे पटवर्धन चौदा वर्षे फिरले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला.

पहिल्या पसंतीचा मान मी यालाच देतो. एका गायकाच्या मरणापासून निघून हा अनुबोधपट वस्त्यांतल्या, मोर्चांतल्या असंख्य गळ्यांपर्यंत जातो. पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंतही तो पोहोचतो. मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना २०१३ साली विधान भवनासमोर अटक झाली, तेव्हा त्यांचे गाणे कशासाठी होते हे या अनुबोधपटामुळे पुष्कळांना आधीच ठाऊक होते. मेरेडिथ हंटर ज्या प्रश्नांना मुकला ते सारे प्रश्न घोगरे यांच्याबाबत विचारले गेले. शिवाय घोगरे यांचे गाणे आज पाहता येते, कारण ते मरणाच्या बारा वर्षे आधी कोणीतरी चित्रित करून जपले होते.

तरीही एक गोष्ट उरते. ‘हमारा शहर’मधला कॅमेरा घोगरे यांच्या वस्तीचा नव्हता. हार्लेममध्येही चित्रण टल्चिन यांनी केले, पण त्याची जुळणी आणि त्याचा अर्थ काळ्या संगीतकाराने लावला, म्हणून ‘समर ऑफ सोल’ला वेगळे वजन आले. आपल्याकडे चित्रण दुसऱ्याचे, संकलन दुसऱ्याचे आणि अर्थही दुसऱ्याचाच, असे किती दिवस चालू द्यायचे? सहानुभूती खरी असली तरी ती आपल्या हातांची जागा घेऊ शकत नाही.

आज विद्यार्थ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ठरवले तर प्रत्येक तालुक्यातल्या म्हाताऱ्या शाहिराचे, गायिकेचे, हलगी-ढोलकीवाल्याचे चित्रण होऊ शकते. ते करताना स्थळ, तारीख, गाणे रचणाऱ्याचे नाव आणि प्रत्येक साथीदाराचे नाव तिथल्या तिथे नोंदवावे. चित्रणाच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्यावी आणि ते बाहेर कोठे वापरायचे याची परवानगी त्याच्याकडून लेखी घ्यावी. कॅसेटचा काळ ज्यांनी गाजवला त्यांतले बरेच जण आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम येत्या एप्रिलपासूनच हाती घेतले पाहिजे.