जंगलाचं वजन करायचंय? चला, वर जाऊ!

अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचं वजन किती असेल? हसू नका, शास्त्रज्ञांना हा प्रश्न खरंच पडलाय! झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातला कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठवतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. झाड जाळलं, की तो पुन्हा हवेत.

एका झाडाचं वजन काढायला ते तोडावं लागत नाही. जमिनीपासून 1.3 मीटरवर खोडाला टेप गुंडाळायची आणि घेर लिहून घ्यायचा. काही झाडांची आधारमुळं माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असतात, तिथे शिडी लावून त्यांच्या वर मापायचं. घेर, उंची आणि लाकडाची घनता कळली, की हिशेब जमतो. पण अ‍ॅमेझॉनमध्ये झाडं आहेत अब्जावधी!

मग उपग्रहातून फोटो काढले तर? एक तर तिथे सारखे ढग. आणि ढग नसले तरी दिसणार काय, नुसती पानं! कार्बन तर खोडांत दडलेला.

यावरची युक्ती मला फार आवडते. युरोपीय अवकाश संस्थेने 29 एप्रिल 2025 रोजी ‘बायोमास’ नावाचा उपग्रह सोडला. त्याच्या रडारची एकेक लहर सुमारे 70 सेंटीमीटर लांब आहे. आखूड लहरी वरच्या पानांवरूनच माघारी फिरतात. ही लांबलचक लहर मात्र ढगांतून आणि पानांतून आरपार जाते, जाड फांद्यांवर नि खोडांवर आपटते आणि परत येते. परत आलेल्या लहरींवरून आत लाकूड किती, याचा अंदाज बांधतात. तो बरोबर आहे का, हे तपासायला जंगलातली टेपवाली माणसं लागतातच!

झाडांची उंची मोजायला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचं ‘जेडी’ हे यंत्र लेसर वापरतं. प्रकाश आधी शेंड्यावरून परततो, मग जमिनीवरून. या दोन्हींमधल्या वेळेवरून झाडाची उंची कळते. झाड 40 मीटर उंच असेल, तर हा फरक सेकंदाच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी!

आता या मोजमापांवरून त्याच जागेचे नकाशे पुन्हा पुन्हा काढायचे आणि नव्यातून जुना वजा करायचा. जंगल साफ तोडलं, तर ते साध्या फोटोतही दिसतं. पण कुणी आतली मोजकी मोठी झाडंच तोडून नेली, तर? काही काळाने भोवतालची पानं पसरून जागा झाकतात आणि फोटोत सगळं हिरवंगार दिसतं. असं आतून रिकामं होणारं जंगल शोधायलाच हे नवे नकाशे हवेत.