विश्लेषण : कथेतील पात्र ‘खरे’ कधी वाटते? बेणारेबाई, जब्या आणि ‘कोर्ट’ काय सांगतात?

नायकाला लहानपणी वडिलांनी मारलेले असते, म्हणून मोठेपणी तो गुन्हेगार होतो. वेबमालिकांमध्ये हे समीकरण इतके सरावाचे झाले आहे की, फ्लॅशबॅक सुरू होताच पुढचे कळते. असे पात्र मालिकेबरोबरच विसरले जाते. उलट विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ सालच्या नाटकातील लीला बेणारे आजही आठवते. हा फरक कशामुळे?

सपाट पात्र, गोल पात्र म्हणजे काय?

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या पुस्तकात ही विभागणी मांडली. एका वाक्यात सांगून संपते ते सपाट पात्र. वाचकाला चकित करते, तरीही पटते, ते गोल पात्र. केवळ धक्का देणे पुरेसे नाही. ‘हा असे वागेल असे वाटले नव्हते, पण वागला ते खरेच’ असे वाटायला हवे. सपाट पात्रे वाईटच असतात असेही नाही. विनोदी लेखनात आणि छोट्या भूमिकांत ती हमखास उपयोगी पडतात.

बेणारेबाईंचा हसरा चेहरा काय लपवतो?

बेणारेबाई शिक्षिका आहेत. सुरुवातीला त्या सतत थट्टा करतात, गुणगुणतात, सोबतच्या नाटकमंडळींना चिमटे काढतात. पुढे खेळ म्हणून अभिरूप खटला सुरू होतो आणि खेळातला आरोप हळूहळू त्यांच्या खासगी आयुष्यावर येऊन ठेपतो. तेव्हा आधीची थट्टा हा बचाव होता, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते. त्यांचा भूतकाळ फ्लॅशबॅकमध्ये दिसत नाही. लपवणे आणि उघडे पडणे यांतून तो समजतो.

जब्याला नेमके काय हवे असते?

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यातील जब्याची इच्छा साधी आहे : शालूने आपल्याकडे पाहावे. भीती मात्र त्याच्या नेमकी उलट : आपल्याला डुक्कर पकडताना तिने पाहू नये. शाळेजवळ, वर्गातल्या मुलांसमोर घरच्यांसोबत डुकरामागे धावायची वेळ येते, तेव्हा तो लपून बसतो. जातीने लादलेली लाज त्याला संवादांतून सांगावी लागत नाही. इच्छा आणि भीती एकाच जागी गाठली की, पात्राचे मन आपोआप दिसू लागते.

विरोधातले पात्र माणूस कसे होते?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकील नूतन खलनायिका म्हणून येत नाहीत. त्या लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटक पाहतात. त्यामुळे त्यांच्या युक्तिवादाचे समर्थन होत नाही. उलट, चारचौघांसारखा माणूसही दुसऱ्याच्या आयुष्यावर किती सहज घाव घालू शकतो, हे अधिक बोचते. खलनायकाला ‘माणूस’ करणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे.

मग भूतकाळातली जखम नकोच का?

हवी, पण तेवढ्यावर भागत नाही. एकाच घरात मार खाल्लेले दोन भाऊ वेगळे वागू शकतात. एक मुलावर हात उगारतो, दुसरा मूल रडले तरी घाबरतो. जखम दोघांची सारखीच. पण पात्र घडते ते त्या जखमेचे त्याने काय केले, यातून. सगळे वागणे एकाच प्रसंगाने समजावले की, गोल होऊ पाहणारे पात्र पुन्हा सपाट होते. मनाचे दुखणे मग केवळ गुन्ह्याचे सोयीचे कारण उरते.

लेखकाने काय तपासावे?

तीन प्रश्न कामी येतात. पात्र काय लपवते आणि कोणापासून? ते स्वतःशी कोणते खोटे बोलते? आणि दोन प्रिय गोष्टींपैकी एकच वाचवता येणार असेल, तर ते काय सोडते? तिसऱ्याचे उत्तर संवादात न सांगता कृतीत दाखवावे. पटकथेत तर हे अधिकच गरजेचे, कारण कादंबरीकार मनातले थेट लिहू शकतो. कॅमेऱ्याला मात्र माणूस काय करतो, एवढेच दिसते.